अरुंदपट्टा फिल्टर : रंगीत कॅमेऱ्यासह वापर

आयनीभूत वायूच्या अभ्रिकांमधून (तेजोमेघांमधून) येणाऱ्या ठरावीक वर्णरेषा तेवढ्या पार होऊ देणारे आणि बाकीचा प्रकाश अडवणारे फिल्टर रंगीत कॅमेऱ्यापुढे बसवून खगोलछायाचित्रण करण्याची पद्धत. पट्ट्याची रुंदी साधारणपणे ३ ते १२ नॅनोमीटर (नॅमी.) असते. दोन रेषा एकदम पार करणाऱ्या फिल्टराला हौशी निरीक्षक ‘ड्युअल बँड’ (जोडपट्टा) म्हणतात. ‘गाळणी’ हा शब्द कोशात आहे, दुर्बिणीपाशी मात्र तो कोणाच्या तोंडी नसतो.

उपयोगाच्या रेषा मुख्यतः तीन मूलद्रव्यांच्या : हायड्रोजन-आल्फा (६५६.३ नॅमी.), दोनदा आयनीभूत (दोन इलेक्ट्रॉन गमावलेला) ऑक्सिजन (४९५.९ व ५००.७ नॅमी.) आणि एकदा आयनीभूत गंधक (६७१.६ व ६७३.१ नॅमी.). हायड्रोजनाची रेषा प्रयोगशाळेतील नळीतही दिसत असल्याने तिच्या ओळखीबद्दल वाद झाला नाही. ऑक्सिजनच्या हिरव्या रेषेने मात्र शास्त्रज्ञांना साठ वर्षांहून अधिक काळ चकवले.

ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी २९ ऑगस्ट १८६४ रोजी कालेय तारकासमूहातील एनजीसी ६५४३ या अभ्रिकेचा वर्णपट पाहिला, तेव्हा ताऱ्यांसारख्या सलग पट्ट्याऐवजी त्यांना सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतील सर्वांत ठळक रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. त्यांचेच समकालीन ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉक्यर यांच्या मते ती मॅग्नेशियमच्या वर्णपट्ट्याचा उरलेला अंश होती. अभ्रिका उल्कांच्या थव्यांपासून बनतात या त्यांच्या मताला त्यामुळे बळ मिळत होते. हगिन्स आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे जेम्स कीलर यांना हे मान्य नव्हते. १८९० च्या सुमारास पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृगातील अभ्रिकेत हीच रेषा तपासली. सर्व परिस्थितीत ती तीक्ष्ण व अरुंदच राहते, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि तो लॉक्यर यांच्या विरुद्ध जाणारा होता, कारण पट्ट्याच्या अवशेषाची एक कड पुसट असायला हवी. जेऊर येथील १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेधांमुळे नायगमवालांचे नाव अधिक परिचित असले, तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा आधीचा वेध अधिक मोलाचा ठरतो. मधल्या काळात या रेषेसाठी ‘नेब्युलियम’ नावाचे मूलद्रव्यही कल्पिले गेले. १९२७ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी ती ऑक्सिजनची निषिद्ध (नेहमीच्या दाट वायूत न उमटणारी) रेषा असल्याचे दाखवले. दर घन सेंटिमीटरला काही लाख इलेक्ट्रॉनांपेक्षा विरळ वायूतच ती ठळकपणे उमटते. प्रयोगशाळेतील चांगली निर्वात पोकळीही त्या मानाने दाटच असते.

रंगीत कॅमेऱ्याची अडचण अशी, की त्याच्या संवेदकावर आधीच एक फिल्टर असतो. ईस्टमन कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटनुसार दर चार पिक्सेलांत एक तांबडा, दोन हिरवे व एक निळा अशी मांडणी असते. हायड्रोजन-आल्फाचा प्रकाश व्यवहारात तांबड्या पिक्सेलांपुरताच उरतो. ५००.७ नॅमी. ही रेषा हिरव्या व निळ्या प्रतिसादांच्या सांध्यावर पडत असल्याने ती उरलेल्या तिन्ही पिक्सेलांत उमटते. दोन रेषा वेगवेगळ्या पिक्सेलांवर पडाव्यात हा केवळ योग, पण जोडपट्टा फिल्टराचे सारे तंत्र त्यावरच उभे आहे. रोझेट अभ्रिकेची एखादी रॉ (रंगप्रक्रिया न केलेली) फ्रेम मोठी करून पाहिली, तर दर चार ठिपक्यांत एकच उजळ आणि तीन मंद अशी जाळी दिसते.

‘तीन चतुर्थांश संवेदक वाया जातो’ हा आक्षेप नेहमीचा, पण तो अर्धाच खरा आहे. एकरंगी कॅमेऱ्यात (ज्याच्या पिक्सेलांवर रंगीत फिल्टर नसतात) उपलब्ध वेळ दोन फिल्टरांत विभागावा लागतो. म्हणजे हायड्रोजनासाठी तेथे अर्धा वेळ व सर्व पिक्सेल, तर येथे पूर्ण वेळ व पाव पिक्सेल. तूट चौपटीची नसून सुमारे दुपटीची. ऑक्सिजनच्या बाबतीत ती आणखी कमी. सूक्ष्म तपशिलाची हानी मात्र खरी आहे. ५०० मिमी. केंद्रांतर व ३.७६ मायक्रोमीटरचे पिक्सेल असतील, तर एका पिक्सेलात १.५५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) मावतात, पण लगतचे तांबडे पिक्सेल ३.१ विकलांवर असतात. दर फ्रेमगणिक दुर्बीण किंचित सरकवून घेतल्यास यातील काही भाग भरून निघतो.

गंधकाच्या रेषा तांबड्या पिक्सेलांवरच पडत असल्याने हायड्रोजनाबरोबर एकाच फ्रेममध्ये घेतल्यास त्या वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी गंधक व ऑक्सिजन पार करणारा दुसरा जोडपट्टा फिल्टर लावून फ्रेम घेतात. नायट्रोजनची ६५८.३ नॅमी. रेषा हायड्रोजनापासून अवघ्या २ नॅमी. वर असते, ७ नॅमी. पट्ट्यातून ‘हायड्रोजन’ म्हणून मिळणाऱ्या चित्रात ती मिसळलेलीच असते. ग्रहसदृश अभ्रिकांच्या (अखेरच्या अवस्थेतील ताऱ्यांनी बाहेर टाकलेल्या वायूच्या कवचांच्या) बाबतीत हे विसरून चालत नाही.

फिल्टरावरील पातळ थर व्यतिकरणाने (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून वाढल्याने वा विरल्याने) काम करत असल्यामुळे तिरप्या किरणांसाठी पट्टा कमी तरंगलांबीकडे सरकतो. एफ/२ (केंद्रांतर व्यासाच्या दुप्पट असलेल्या) दुर्बिणीत कडेचे किरण सुमारे १४ अंशांनी येतात. थरांचा परिणामी अपवर्तनांक २ धरल्यास आल्फा रेषेपाशी हे सरकणे जवळजवळ ५ नॅमी. भरते. अशा दुर्बिणीत ३ नॅमी.चा नेहमीचा फिल्टर त्या किरणांतील नेमकी हवी ती रेषाच अडवतो. म्हणून अशा वेगवान (लहान एफ-अंकाच्या) दुर्बिणींसाठी पट्टा आधीच अधिक तरंगलांबीकडे सरकवलेले फिल्टर बनवतात.

साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यातील अवरक्तरोधक काच आल्फा रेषेचा बराच भाग अडवते. ती बदलून घेण्याची प्रथा आहे. कॅननचा २०डीए (२००५) व निकॉनचा डी८१०ए (२०१५) हे कॅमेरे मुळातच या कामासाठी काढले गेले.

शहरातून छायाचित्रण शक्य होणे हा या पद्धतीचा मुख्य लाभ. सोडियम दिव्यांचा ५८९ नॅमी. जवळचा प्रकाश जुन्या प्रदूषणरोधक फिल्टरांनाही अडवता येई. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सलग असल्याने त्यांचा उपाय तोकडा पडतो आणि अरुंद पट्टाच कामी येतो. चांदण्यात ऑक्सिजनचे चित्र हायड्रोजनापेक्षा लवकर फिके पडते. दीर्घिका, तारकागुच्छ, कृत्तिकांभोवतीची परावर्तन अभ्रिका यांचा प्रकाश सलग असल्याने तेथे हे फिल्टर लावू नयेत.

संस्करणात तांबडे पिक्सेल वेगळे काढून हायड्रोजनाचे आणि हिरवे-निळे एकत्र करून ऑक्सिजनचे चित्र बनवतात. सिरिल या मोफत प्रणालीत याची तयार सोय आहे. हायड्रोजन तांबडा आणि ऑक्सिजन हिरवा-निळा या जुळणीला ‘एचओओ’ म्हणतात.