दुर्बिणीतून लिगामेंट ‘शिवलं’ की दोन महिन्यांत मैदान?

लालबाग-परळच्या कबड्डी मंडळांत एक समज पक्का बसलाय: गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर दुर्बिणीतून शिवून घ्यायचं, दोन महिन्यांत पुन्हा चढाई. चूक. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांना बांधून ठेवणारं लिगामेंट. ते पूर्ण तुटलं तर बहुतेक वेळा शिवत नाहीत. रुग्णाचाच एखादा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), बऱ्याचदा मांडीच्या मागचा, काढून त्याजागी नवं लिगामेंट बसवतात. त्यासाठी हाडात बोगदे पाडावे लागतात आणि सर्जनची खरी कसोटी इथेच. आतल्या बाजूच्या छिद्रातून मांडीच्या हाडात ड्रिल घालताना गुडघा साधारण १२० अंश दुमडतात. कमी दुमडला तर बोगदा आखूड पडतो, हाडाची मागची भिंत फुटू शकते आणि बाहेरच्या बाजूचा पेरोनियल मज्जातंतू धोक्यात येतो. तो दुखावला तर पाऊल वर उचलत नाही. टाके बाहेरून दोन-चारच दिसतात, म्हणून सगळं किरकोळ वाटतं, एवढंच.

आणि घाई? बसवलेल्या टेंडनमध्ये नव्या रक्तवाहिन्या शिरत असतात, तेव्हा, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या आसपास, तो सर्वांत कमकुवत असतो. दुखणं मात्र नेमकं तेव्हाच थांबलेलं! खेळायला किमान ९ महिने, तेही मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत आली तर. दहीहंडीचे थरही त्यातच आले.