आधार ‘लिंक’ आहे, तरी पैसे का येत नाहीत? डीबीटी सीडिंगची प्रक्रिया

लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये असोत, पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता असो किंवा महाडीबीटीवरील शिष्यवृत्ती, अर्ज मंजूर होऊनही रक्कम न मिळाल्याच्या पुष्कळ तक्रारी एकाच गैरसमजातून उद्भवतात. डीबीटीच्या, म्हणजे सरकारी रक्कम थेट बँक खात्यात जमा करण्याच्या, आधारवर आधारित वितरणात अर्जातल्या खाते क्रमांकावरून पैसे जातच नाहीत. देशातील पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या मॅपर नावाच्या यादीत तुमच्या आधार क्रमांकापुढे केवळ एका बँकेची नोंद असते. रक्कम त्याच बँकेकडे जाते आणि कोणत्या खात्यात जमा करायची हे ती बँक आपल्या नोंदीवरून ठरवते.

केवायसीसाठी, म्हणजे ओळख पडताळणीसाठी, बँकेत आधारची प्रत दिली म्हणजे सीडिंग, अर्थात मॅपरमधील नोंद, झाले, असे नव्हे. त्यासाठी स्वतंत्र संमतीपत्र भरावे लागते, आणि काउंटरवरचे ‘लिंक आहे’ हे उत्तर बहुधा केवायसीपुरतेच असते, हा फरक अर्जदाराला समजावून सांगण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. एका वेळी एकाच बँकेची नोंद चालू राहते; त्यामुळे नंतर दुसरीकडे खाते उघडताना घाईने संमती दिली असल्यास पैसे त्या विसरलेल्या खात्यात पडून असू शकतात.

म्हणून बँकेत जाण्याआधी मायआधार पोर्टलवर बँक सीडिंगची स्थिती पाहावी. ओटीपी आधारशी नोंदवलेल्या मोबाइलवरच येतो; तो क्रमांक बंद असेल, तर आधार केंद्रात स्वतः जाऊन बदलता येतो आणि त्यासाठी कोणतेही कागदपत्र लागत नाही. आधार केंद्र नसलेल्या बँक शाखेत हा बदल होत नाही, तेव्हा तेथे रांग लावू नये.

सीडिंगसाठीची पात्रता साधी आहे: खाते चालू हवे आणि केवायसी पूर्ण हवी. बँकेत जाताना सोबत आधार व पासबुक न्यावे. बँक बदलायची असल्यास संमतीपत्रात आधीच्या बँकेचे नाव लिहावे लागते आणि नेमके तेच कोणाला आठवत नाही. पोर्टलवर ते दिसते, म्हणून तेथूनच टिपून घ्यावे. अर्जाची शिक्का मारलेली पोच मागून घ्यावी, ‘होऊन जाईल’ एवढ्यावर परतू नये.

काही दिवसांनी स्थिती ‘ॲक्टिव्ह’ दिसते का, हे पुन्हा तपासावे. आधी परत गेलेला हप्ता मात्र बँक देऊ शकत नाही. त्याची मागणी संबंधित विभागाकडेच करावी लागते.