लघवीत जंतू सापडले म्हणजे आजार झाला?

गंगापूर रोडवरच्या एका वृद्धाश्रमात माझी आत्या राहते. वय ८२, वजन ४२ किलो. पावसाळ्यात तिथल्या सिस्टरचा फोन आला, "आजींच्या लघवीला वास येतोय, तपासायला पाठवते." ताप नव्हता, जळजळ नव्हती. रिपोर्टमध्ये पस सेल्स (पूच्या पेशी) आणि ई. कोलाय हे जंतू निघाले आणि सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू झाल्या. कोर्स संपला आणि पाचव्या दिवशी जुलाब लागले, दिवसाला दहा-बारा. आश्रमातल्या मावशी म्हणाल्या, "गोळ्या उष्ण पडल्या."

हे 'उष्ण पडणं' मला फार खटकतं. एकदा तसं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

वृद्धाश्रमात राहणाऱ्या बायकांपैकी साधारण पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत कधीही तपासलं तरी जंतू सापडतात. ते तिथे राहतात, त्रास देत नाहीत. त्यांना मारून रुग्णाला फायदा होत नाही. ताप, थंडी, जळजळ, पाठीच्या बाजूला दुखणं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा अँटिबायोटिक लागतंच आणि लवकर लागतं. नुसता वास बऱ्याचदा पाणी कमी पडल्याचा असतो.

आता जुलाबांकडे येतो. आत्याच्या शौचाच्या तपासणीत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूचं विष सापडलं. हा १९३५ साली पहिल्यांदा वेगळा केला गेला. प्रयोगशाळेत वाढवणं अवघड गेलं म्हणून 'डिफिसिल', म्हणजे कठीण. तो बीजाणू होऊन, जाड कवचात, महिनोन्‌महिने पडून राहतो: पलंगाच्या कठड्यावर, कमोडच्या खुर्चीवर. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने तो मरत नाही. हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात, कारण तो धुऊन काढावा लागतो.

तो पोटात गेला तरी एरवी काही होत नाही, आणि याचं कारण पित्तात आहे. यकृत कोलिक आम्ल बनवतं, त्याला टॉरिन नावाचा छोटा रेणू जोडतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. त्यातलं बहुतेक लहान आतड्याच्या टोकाशी परत शोषलं जातं. थोडंसं मोठ्या आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू आधी टॉरिन तोडतात. मग त्यांच्यातल्या मोजक्या जाती आम्लाच्या सातव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट काढून टाकतात आणि डीऑक्सिकोलिक आम्ल तयार होतं. बीजाणूला टॉरिन जोडलेलं आम्ल भेटलं, सोबत ग्लायसिन हे अमिनो आम्ल मिळालं, की तो अंकुरतो. पण अंकुरलेल्या पेशीला डीऑक्सिकोलिक आम्ल वाढू देत नाही. एकाच पित्ताच्या दोन रूपांपैकी एक त्याला उठवतं, दुसरं दाबून ठेवतं!

अँटिबायोटिकने त्या मोजक्या जाती मेल्या की उठवणारं आम्ल साचतं आणि दाबणारं संपतं. जिवाणू वाढतो, दोन विषं सोडतो. ती आतड्याच्या पेशींमधल्या ऱ्हो नावाच्या प्रथिनांना साखरेचा रेणू चिकटवून निकामी करतात. पेशीचा सांगाडा कोसळतो, दोन पेशींमधले सांधे सुटतात, पाणी झिरपू लागतं. उष्णतेचा इथे काही संबंध नाही. कोर्ससोबत दह्याची वाटी दिली की झालं, हा सल्लाही पुरत नाही. दही चांगलंच, पण त्यातले लॅक्टोबॅसिलस सातव्या कार्बनचं हे काम करत नाहीत.

आत्याला व्हॅन्कोमायसिन, या जिवाणूला मारणारं अँटिबायोटिक, तोंडाने दिलं. ते आतड्यातून जवळजवळ शोषलं जात नाही, म्हणूनच इथे उपयोगी पडतं.

तिच्या फायलीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम जोखायला रक्तात मोजतात तो घटक, ०.९ होतं, शेजारी 'नॉर्मल'. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि तिच्या अंगावर स्नायूच फार उरलेले नाहीत. वय, वजन घालून कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केला तर किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ३२ मिलीलीटर येते, म्हणजे कमीच. किडनीवाटे जाणारं औषध अशा शरीरात रेंगाळतं. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्यांनी तर साठीनंतर टाचेचा स्नायुबंध तुटण्याचा धोका वाढतो, स्टेरॉइड चालू असेल तर आणखी.

सेफिक्झिम अनुसूची एच-१ मधलं आहे. मार्च २०१४ पासून दुकानदाराने चिठ्ठी पाहून, रजिस्टरात नोंद करूनच ते द्यायचं. पण आत्याकडे चिठ्ठी होतीच. चुकलं त्याआधी, लघवीची बाटली भरली तेव्हा.

गेल्या महिन्यात आश्रमाची वही पाहिली. सिस्टरच्या अक्षरात आत्याच्या नावापुढे लिहिलं होतं: "लघवीला वास. ताप नाही, जळजळ नाही. दुपारी दोन ग्लास पाणी जास्त दिलं. संध्याकाळी वास नाही."