गेम लिनक्सवर ‘चालतो’ आणि गेमला लिनक्सचा ‘सपोर्ट आहे’, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि पुढच्याच आठवड्यात दिवाळी, त्यामुळं सुट्टीत कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या घरी गल्लीतली पोरं आपापले जुने पीसी उचलून घेऊन आलेली, कारण विंडोज 11 त्यावर चढत नाही, टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप मागतंय, आणि नवीन पीसी घ्यायचा म्हटलं तर घरात विचारायची सोय नाही. पाच-सहा जणांना मी लिनक्स मिंट टाकून दिलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, “दादा, ह्याच्यावर गेम चालत्यात काय?” आणि मी म्हणायचो, चालत्यात की.

त्यातल्या एकानं साठवलेल्या पैशातनं एक ऑनलाईन गेम घेतला. नाव राहू दे. दीड महिना लई भारी चालला, मग एक अपडेट आलं आणि गेम उघडल्या उघडल्या बंद पडायला लागला. पोरानं कंपनीला मेल केला तर दोन ओळींचं उत्तर आलं, आम्ही लिनक्सला सपोर्ट करत नाही. तो माझ्याकडं आला, “तुम्हीच म्हटलेलासा चालतंय म्हणून.” मला त्या दिवशी लई वाईट वाटलं, कारण मी खोटं बोललो नव्हतो आणि कंपनी पण खोटं बोलत नव्हती. आम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो आणि मधे पोराचे पैसे गेले. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी ‘चालणं’ म्हणजे काय ते बघू. समजा तुम्ही गोकाकच्या बाजारात गेलाय, दुकानदार फक्त कन्नड बोलतो, तुम्हाला कन्नडचा क पण येत नाही, पण सोबत गडहिंग्लजचा दोस्त आहे आणि तो तिथल्या तिथं इकडचं तिकडं करून सांगतो. व्यवहार होतो. वाइन नावाचं सॉफ्टवेअर नेमकं हेच काम करतंय, 1993 पासून. विंडोजचा गेम विंडोजच्या भाषेत मागणी करतो, ही फाईल उघड, एवढी मेमरी दे, आणि वाइन ती मागणी लिनक्सला कळेल अशी करून पुढं देतं. आत कुठं अख्खा खोटा विंडोज पीसी चालू नसतो, म्हणून त्याला एम्युलेटर म्हणत नाहीत आणि म्हणूनच वेग फार पडत नाही. स्टीम हे गेमचं ऑनलाईन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हनं कोडवीव्हर्स नावाच्या कंपनीबरोबर ह्याच वाइनवर प्रोटॉन बांधलं आणि ऑगस्ट 2018 मध्ये स्टीममध्येच घालून दिलं. त्यात डीएक्सव्हीके आहे, जे विंडोजची डायरेक्टएक्स ही चित्रं काढायची भाषा लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलतं, डायरेक्टएक्स 12 साठी वेगळं व्हीकेडी3डी-प्रोटॉन आहे. सुरुवातीला व्हॉल्व्हनं तपासून पास केलेले गेम होते फक्त 27. आज स्टीमवर सिंगल प्लेयर गेम उचलला तर तो चालण्याचीच शक्यता जास्त, आणि हे ज्यांनी केलंय त्यातल्या कित्येकांनी सुरुवात पगाराशिवाय केलेली, ते विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

पण त्या गोकाकच्या दुकानदारानं तुमच्यासाठी काय केलं? काहीच नाही. तुम्ही कोल्हापुरातनं आलाय हे पण त्याला माहीत नसेल. उद्या त्यानं बोलायची पद्धत बदलली तर ती शिकून घ्यायची जबाबदारी दोस्ताची, दुकानदाराची नाही.

‘सपोर्ट’ म्हणजे दुकानदारानं स्वतः दिलेला शब्द. डेव्हलपर सांगतो की माझा गेम लिनक्सवर चालेल, अपडेट काढायच्या आधी मी तिथं टेस्ट करीन आणि बिघडला तर दुरुस्त करीन. तंत्र कुठलंही असू दे, शब्द महत्त्वाचा.

इथं बहुतेक जण ‘नेटिव्ह’ हा शब्द मधे घालतात आणि सगळा घोळ तिथनं सुरू होतो. नेटिव्ह म्हणजे गेम लिनक्ससाठीच बांधून दिलाय, मधे दुभाषा नाही. ते दिसलं की माणूस निर्धास्त होतो, पण नेटिव्ह म्हणजे कायमचा सपोर्ट असं अजिबात नाही. रॉकेट लीगला नेटिव्ह लिनक्स व्हर्जन होतं, मार्च 2020 मध्ये कंपनीनं लिनक्स आणि मॅक दोन्हीचा सपोर्ट काढून घेतला, त्या व्हर्जनवर ऑनलाईन खेळणं बंद झालं, आणि लिनक्सवाले काय खेळत राहिले? विंडोजचं व्हर्जन, प्रोटॉनमधनं. म्हणजे सपोर्ट गेला आणि चालणं राहिलं. द विचर 2 चं उदाहरण आणखी वेगळं, 2014 ला तो लिनक्सवर आला तेव्हा पानावर लिनक्स लिहिलेलं, पण आत विंडोजचाच कोड एका रॅपरमध्ये गुंडाळून दिलेला, आणि पहिल्या दिवशी तो इतका अडखळत होता की लोक भडकले. त्याच्याही आधी, 1998 मध्ये, लोकी नावाच्या कंपनीनं फक्त विंडोजचे गेम लिनक्सवर आणायचा धंदा सुरू केला आणि 2002 च्या सुरुवातीला ती बंद पडली. कंपनी गेली की तिचा शब्द पण गेला. मागं राहिलं ते त्यांच्याकडं काम करणाऱ्या सॅम लँटिंगाचं एसडीएल, म्हणजे गेमला चित्र, आवाज, कीबोर्ड हाताळून देणारी लायब्ररी (तयार कोडचा साठा), जे आजही कितीतरी गेमच्या पोटात आहे.

जुन्या नेटिव्ह गेमचं अजून एक दुखणं असतं. गेम ज्या लायब्ररीवर बांधला त्या लायब्ररी डिस्ट्रोमध्ये, म्हणजे मिंटसारख्या लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांत, पुढं गेलेल्या असतात, गेम तिथंच थांबलेला. म्हणून कित्येक वेळा नेटिव्ह बाजूला ठेवून स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधनं कंपॅटिबिलिटीत जाऊन प्रोटॉन निवडलं तर तोच गेम जास्त नीट चालतो. मी स्वतः हे बऱ्याचदा करतो.

आता उलटी बाजू, आणि माझ्या मते हीच जास्त महत्त्वाची. नेटिव्ह नसताना पण सपोर्ट असू शकतो. फेब्रुवारी 2022 मध्ये स्टीम डेक, म्हणजे व्हॉल्व्हचा हातात धरून खेळायचा छोटा पीसी, बाजारात आला, त्यात स्टीमओएस म्हणजे लिनक्सच आहे, त्यामुळं बरेच डेव्हलपर वेगळं लिनक्स व्हर्जन न काढता आपलं विंडोज व्हर्जन डेकवर टेस्ट करायला लागले. डेकवर अडलं तर ते पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, काढतात. हा खरा सपोर्ट आहे, दुभाषा मधे असला तरी, कारण दुकानदारानं दुभाष्याला ओळखलंय आणि त्याला समजेल असं बोलतोय. काही लोक अजून प्रोटॉनला दुय्यम समजतात, नेटिव्ह द्या नाहीतर नको म्हणतात, मला ते पटत नाही. अर्धवट टाकून दिलेल्या नेटिव्हपेक्षा जबाबदारीनं तपासलेला प्रोटॉनवाला गेम कधीही चांगला.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते अँटी-चीटपाशी, म्हणजे ऑनलाईन गेममध्ये लबाडी करणाऱ्यांना पकडणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय ही दोन मोठी नावं, दोघांनी सप्टेंबर 2021 मध्येच प्रोटॉनवर चालायची सोय जाहीर केली. पण ती सोय डेव्हलपरनं स्वतः चालू करायची असते. म्हणजे दार बसवलेलं आहे, किल्ली डेव्हलपरच्या हातात. जीटीए 5 बघा, आपल्याकडं गल्लोगल्ली खेळतात म्हणून सांगतो, सप्टेंबर 2024 मध्ये त्याच्या ऑनलाईनला बॅटलआय आलं आणि लिनक्सवरनं ऑनलाईन बंद झालं, स्टोरी मोड मात्र चालतो. एपेक्स लेजेंड्स तर मार्च 2022 ला डेकवर ‘व्हेरिफाइड’, म्हणजे व्हॉल्व्हनं तपासून पास, झालेला, दोन-अडीच वर्षं लोक खेळले, आणि 2024 च्या ऑक्टोबरअखेर कंपनीनं लिनक्सच बंद करून टाकलं, कारण सांगितलं की चीट करणारे ह्या वाटेनं येत्यात. प्रोटॉन काही बिघडलं नव्हतं. गेम आदल्या दिवशीपर्यंत चालत होता. व्हॅलोरंटचा तर विषयच वेगळा, त्याचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, बसतं, तिथं दुभाष्याला शिरायला जागाच नाही.

डेव्हलपरची बाजू पण सांगायला पाहिजे. ऑक्टोबर 2025 च्या स्टीमच्या सर्व्हेत लिनक्सवाले 3 टक्क्यांच्या आसपास होते, त्यांच्यासाठी वेगळे ड्रायव्हर, वेगळ्या डिस्ट्रो धरून टेस्ट करायचं म्हटलं तर छोट्या टीमला जड जातंच. पण डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न नावाच्या गेमच्या डेव्हलपरनं 2021 मध्ये स्वतःचे आकडे दिले होते ते वाचण्यासारखे आहेत. साधारण 12,000 प्रती खपल्या, त्यात लिनक्सवाले 700 च्या आसपास, म्हणजे 5.8 टक्के, आणि बग रिपोर्टमध्ये त्यांचा वाटा 38 टक्के. वरवर बघितलं तर वाटतं बघा, लिनक्सवाल्यांमुळं काम वाढलं. पण त्या साधारण 400 रिपोर्टांत फक्त लिनक्सवरच येणारे बग होते 3. बाकी सगळे विंडोजवाल्यांना पण छळणारेच होते, फक्त ते कळवले लिनक्सवाल्यांनी, व्यवस्थित लॉग, म्हणजे गेम चालताना काय घडलं त्याची नोंद, जोडून. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो.

आता घ्यायच्या आधी काय बघायचं. स्टीमच्या पानावर खाली सिस्टीम रिक्वायरमेंट्समध्ये स्टीमओएस आणि लिनक्सचा वेगळा टॅब असेल तर नेटिव्ह आहे, मग शेवटचं अपडेट कधीचं ते बघा. डेक व्हेरिफाइडचा हिरवा टिक म्हणजे व्हॉल्व्हनं डेकवर तपासलंय, डेव्हलपरचा शब्द नव्हे, आणि तुमच्या डेस्कटॉपच्या एनव्हिडिया कार्डवर तर नव्हेच. प्रोटॉनडीबी ह्या वेबसाईटवर प्लॅटिनम, गोल्ड असे दर्जे दिसतात ते खेळणाऱ्यांच्या अनुभवावरनं ठरतात, ते फक्त ‘चालणं’ सांगतात, आणि त्यात सुद्धा ताजे रिपोर्ट वाचा, दोन वर्षांपूर्वीचे नकोत. ऑनलाईन गेम असेल तर अँटी-चीट कुठलं आणि डेव्हलपरनं लिनक्सबद्दल स्वतः काही लिहिलंय का, हे शोधल्याशिवाय पैसे देऊ नका. चुकून घेतलाच तर स्टीमवर 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, म्हणून पहिल्याच दिवशी तासभर नीट खेळून बघा, सेलमध्ये घेऊन महिनाभर ठेवून देऊ नका.

आणि बिघडलं तर तक्रार कुठं करायची हे पण ह्याच फरकावरनं ठरतं. नेटिव्ह व्हर्जन असेल किंवा डेव्हलपरनं डेकचा सपोर्ट सांगितला असेल तर मेल डेव्हलपरला. नुसताच प्रोटॉनवर चालणारा गेम असेल तर प्रोटॉनच्या गिटहबवर, म्हणजे त्याचा कोड ठेवलेल्या वेबसाईटवर, त्या गेमचा इश्यू, म्हणजे तक्रारीचं पान, बहुतेक उघडलेला असतो, तिथं लिहायचं, डिस्ट्रो, ग्राफिक्स ड्रायव्हर आणि प्रोटॉनचं व्हर्जन टाकून आणि लॉग जोडून. त्या पोराला मी तो लॉग कसा काढायचा ते शेजारी बसून दाखवलं, लाँच ऑप्शनमध्ये कुठली ओळ टाकायची ते त्यानं वहीत लिहून घेतलंय.