गाजर गवत आणि त्याच्यामागे आलेला भुंगेरा

गाजर गवत पीएल-४८० च्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली आलेल्या गव्हातून आलं, हे आपल्याकडे इतक्यांदा सांगून झालंय की शंका घ्यायच्या भानगडीत कुणी पडत नाही. पण तारखा जुळत नाहीत. पुण्यात हे तण १९५५ साली दिसलं आणि भारताचा पीएल-४८० करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. अमेरिकेचा गहू त्याआधी, १९५१ च्या कर्जातूनही आला होता, म्हणून धान्यावरचा संशय पुरता फिटत नाही. मात्र कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ सालच्या यादीतही पार्थेनियमचं, म्हणजे गाजर गवताचंच शास्त्रीय नाव आहे!

आलं कसंही असो, फोफावलं का? एकेक झाड १५ ते २५ हजार बिया धरतं, तेही उगवल्यावर महिना-दीड महिन्यात फुलून. त्यातलं पार्थेनिन हे रसायन शेजारच्या रोपांची वाढ रोखतं. माणसाच्या कातडीला खाज आणि चट्टे आणतं. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, लावलंच तर दूध कडवट होतं. आणि मूळच्या अमेरिका खंडात त्याला कुरतडणारे किडे इथे नव्हतेच.

म्हणून मेक्सिकोहून झायगोग्रामा भुंगेरा आणला गेला आणि १९८४ मध्ये बंगळूरजवळ सोडला. पिवळट पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा, आकार मसुरीच्या डाळीहून थोडा मोठा. तो आणि त्याच्या अळ्या पानं अशी फस्त करतात की नुसते देठ उरतात. पुढे कर्नाटकात हे भुंगेरे सूर्यफुलावर दिसले आणि घबराट उडाली. शोध घेतल्यावर कळलं, की सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे परागकण पडले होते, त्यामुळे ते तिथे गेले होते.

या भुंगेऱ्याची खरी अडचण वेगळीच. पावसाळा सरला की तो जमिनीत शिरून सुस्त पडतो, तर गाजर गवत ओल मिळेल तिथे बारा महिने उगवतं. पाटाच्या कडेला आणि सांडपाण्यावर वाढलेल्या झाडांवर तेव्हा त्याचा उपयोग शून्य. त्यामुळे निव्वळ किड्याच्या भरवशावर राहणं मला भाबडेपणाचं वाटतं.

उरतं ते उपटणं. हातमोजे घालून, फुलं यायच्या आत. फुललेलं गवत कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलं आणि खत नीट तापलं नाही, तर त्याच बिया खताबरोबर परत शेतात जातात.