दिवेलागणीची रामरक्षा: भीतीवरच्या एका जुन्या तोडग्याची घडण

अंधार, आजारपण, परीक्षा, एकट्याने करायचा प्रवास. अशा रोजच्या भीतींवर मराठी घरांत पिढ्यानपिढ्या एकच उपाय सांगितला गेला: हातपाय धुऊन दिव्यापुढे बस आणि रामरक्षा म्हण. शुभंकरोती, पाढे, रामरक्षा, भीमरूपी हा परवचा मुलांच्या अंगवळणी पडलेला असे. यातली रामरक्षा कशी रचली आहे, ते मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

स्तोत्र ३८ श्लोकांचे आहे. रचनाकार बुधकौशिक ऋषी. शंकराने स्वप्नात सांगितले आणि जाग आल्यावर सकाळी लिहून काढले, असे स्तोत्रातच म्हटले आहे. त्याचा गाभा म्हणजे चौथ्या श्लोकाच्या उत्तरार्धापासून नवव्यापर्यंतचे कवच, म्हणजे एकेका अवयवाच्या रक्षणासाठीची प्रार्थना. 'शिरो मे राघवः पातु' इथून ते सुरू होते आणि कपाळ, डोळे, कान, नाक असे करत पावलांपर्यंत वीस ठिकाणी उतरते. प्रत्येक अवयवाला रामाचे वेगळे नाव आहे, आणि ही नावे साधारण रामचरित्राच्या क्रमाने येतात. डोळ्यांपाशी कौसल्येचा मुलगा, कानांपाशी विश्वामित्राचा लाडका, भुजांपाशी शिवधनुष्य मोडणारा, गुडघ्यांपाशी सेतू बांधणारा, पोटऱ्यांपाशी रावणाचा काळ. पावलांशी पोहोचेपर्यंत लढाई जिंकलेली असते आणि बिभीषणाला राज्य मिळालेले असते. घाबरलेल्या माणसाचे चित्त पुढच्या संकटाकडे धावते. इथे त्याला शरीराच्या एकेका भागावर आणून बसवले जाते.

दुसरा आधार श्वासाचा. कवच अनुष्टुभ छंदात आहे, म्हणजे अर्ध्या श्लोकात १६ अक्षरे. ती एका उच्छ्वासात सावकाश म्हणावीत, ओळीअखेरच्या उभ्या रेघेशी थांबून श्वास घ्यावा. असे म्हटले की उच्छ्वास आपोआप लांबतो आणि धडधड उतरू लागते. भराभर उरकले तर नेमके उलटे होते: श्वास अपुरा पडतो, छाती भरून येते, आणि 'म्हणूनही काही होत नाही' असे वाटते. भीती दाटल्यावरच पुस्तक उघडणे ही दुसरी चूक. घाबरलेल्या डोक्यात नवे पाठ होत नाही, म्हणून तर ते रोजच्या परवच्यात ठेवले. मुलांना आधी कवचाचे साडेपाच श्लोकच द्यावेत, त्या त्या अवयवाला हात लावत.

सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी हाच धीर मराठीत आणला. कृष्णाखोऱ्यात शहापूर, मसूर, उंब्रज, चाफळ अशा गावांत अकरा मारुती बसवले. शहापूरचा तर 'चुन्याचा मारुती' म्हणूनच ओळखला जातो. त्यांच्या भीमरूपी या मारुतिस्तोत्रात भूत-प्रेत-समंधांच्या जोडीने 'तुटती चिंता' असेही आले आहे. चिंता हीदेखील बाधाच, हे त्यांनी ओळखले होते. मनाच्या २०५ श्लोकांतला सत्ताविसावा आणखी रोखठोक आहे: 'भवाच्या भये काय भीतोस लंडी । धरी रे मना धीर धाकासि सांडी'. लंडी म्हणजे भित्रा. शिवी स्वतःच्याच मनाला दिली आहे, आणि लगेच आधारही दिला आहे की रघुनायकासारखा स्वामी डोक्यावर आहे.

या श्रद्धेने घरात बसून राहावे असे मात्र रामरक्षेला अभिप्रेत नाही. रामलक्ष्मणांनी 'अग्रतः पथि सदैव गच्छताम्', वाटेत सदैव माझ्या पुढे चालावे, असे मागणे त्यात आहे. ते पुढे चालायचे तर मागे आपणही वाटेवर हवे. विहिरीची भीती असलेल्या मुलाने आज दहा पावलांवरून पाहावे, उद्या मोठ्या माणसाचा हात धरून काठाशी जावे. तिथे उभे असताना म्हटलेली रामरक्षा घरात म्हटलेल्या दहांपेक्षा जास्त कामाची.

एक खूण ध्यानात ठेवावी. उच्चार चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून, ठरलेली आवर्तने झाली नाहीत तर घरच्यांचे वाईट होईल म्हणून पुन्हा, असे सुरू झाले, तर ती भक्ती राहिलेली नसून भीतीच स्तोत्राचा आधार घेऊन वाढते आहे. तेव्हा आवर्तने वाढवू नयेत, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. रात्ररात्र झोप नसेल किंवा छातीत दुखत असेल, तरी आधी डॉक्टरच.