आलं, सुंठ आणि ‘रक्त पातळ’ करणाऱ्या गोळ्या : पार्श्वभूमी

पुण्यातल्या कुठल्याही हृदयरोगाच्या ओपीडीत दोन तऱ्हेचे रुग्ण हमखास दिसतात. एकाला रोजची ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चालू आहे, म्हणून त्याने अमृततुल्यातला आल्याचा चहा सोडलाय. कारण ‘आल्याने रक्त आणखी पातळ होतं’. दुसऱ्याला स्टेन्ट बसवून तीन महिनेही झालेले नाहीत, पण गोळ्या बंद करून त्याने आलं-लसूण-लिंबाच्या रसाचं मिश्रण धरलंय. कारण ‘रक्त त्यानेही पातळच होतं’. दोघांची चूक एकाच शब्दातून निघाली आहे. पहिल्याचं नुकसान चहापुरतं. दुसऱ्याच्या स्टेन्टमध्ये गुठळी होऊ शकते.

सुंठीचं औषधपण मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ म्हणणाऱ्यांनी खोकल्याला सुंठ हे गृहीतच धरलेलं असतं. जुन्या ग्रंथांतली एकच गोष्ट इथे कामाची आहे. त्यांनी आर्द्रक (ओलं आलं) आणि शुंठी (सुंठ) यांचे गुण वेगवेगळे सांगितले, आणि रसायनशास्त्राने पुढे त्याला दुजोरा दिला. ओल्या आल्यात मुख्यतः जिंजेरॉल ही तिखट रसायनं असतात. वाळवताना आणि तापवताना त्यातल्या काहींचं शोगाओलमध्ये रूपांतर होतं. वजनाचाही हिशेब बदलतो. ओल्या आल्यात जवळजवळ ८० टक्के पाणी असतं, म्हणून ५ ग्रॅम ओलं आलं म्हणजे ढोबळमानाने १ ग्रॅम सुंठ. ‘आल्याचा अभ्यास’ वाचताना ते ओलं होतं, पूड होती की अर्क, हे आधी पाहावं. बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आता तो शब्द. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे इंग्रजी बोलीतल्या शब्दाचं भाषांतर आहे, आणि मूळ शब्दही चुकीचाच होता. या गोळ्यांनी रक्ताचा दाटपणा कमी होत नाही. वरणात पाणी घातल्यासारखं रक्त पातळ होतं, ‘पॉइंट’ (हिमोग्लोबिन) उतरतात, अशक्तपणा येतो, असं अनेकांना खरंच वाटतं. प्रत्यक्षात रक्त गोठण्याची प्रक्रिया मंदावते, आणि तीही दोन अगदी वेगळ्या ठिकाणी.

पहिलं ठिकाण यकृत. गोठण्याला लागणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी के जीवनसत्त्व लागतं. वॉरफेरिन तिथे आडवं येतं. नासलेल्या चाऱ्याने गुरं रक्तस्राव होऊन दगावत होती, त्याच्या शोधातून हे रसायन सापडलं; १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. आपल्याकडे याच कुळातलं असेनोकुमेरॉल जास्त चालतं, ‘ॲसिट्रॉम’ या नावाने घरोघरी माहीत असलेलं. धातूची झडप बसवलेल्या रुग्णाला ते जन्मभर घ्यावं लागतं. त्याचा परिणाम मोजायला आयएनआर ही चाचणी आहे; आकडा जितका मोठा, तितकं रक्त उशिरा गोठतं. बहुतेकांना तो २ ते ३ मध्ये ठेवतात, धातूची मायट्रल झडप असेल तर २.५ ते ३.५.

दुसरं ठिकाण प्लेटलेट, म्हणजे एकमेकींना चिकटून गुठळी धरणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी. ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं एक विकर (एन्झाइम) कायमचं बंद करते, आणि प्लेटलेटचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं असल्याने परिणामही तितकेच दिवस टिकतो. हे कसं घडतं याचा उलगडा १९७१ पासून होत गेला. १९८८ च्या एका मोठ्या चाचणीनंतर ही गोळी हार्ट अटॅकच्या उपचारात पक्की झाली आणि पुढे स्टेन्टबरोबर प्लेटलेटवरच काम करणारं क्लोपिडोग्रेल आलं. आयएनआरवर या दोन्हींचा परिणाम दिसत नाही.

म्हणजे १९५४ मध्ये जी एक जात होती तिच्यात १९९० नंतर दुसरी मिसळली, आणि २०१० च्या आसपास डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान ही तिसरी आली. बोलीत तिन्हींना एकच नाव राहिलं. रुग्ण केमिस्टकडे जाऊन ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ मागतो तेव्हा समोरच्याला चिठ्ठी पाहिल्याशिवाय काहीच कळत नाही. आणि ‘आलं रक्त पातळ करतं’ हे वाक्य वरच्या दोनपैकी नेमक्या कुठल्या ठिकाणाबद्दल आहे, हे कोणी विचारत नाही.

उत्तर असं, की संशोधनाची सुरुवात फक्त दुसऱ्या ठिकाणाबद्दल होती. १९८० मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात पत्र छापून आलं : आलं घातलेलं मार्मालेड भरपूर खाल्लेल्या माणसाच्या प्लेटलेट नेहमीसारख्या एकमेकींना चिकटेनात. एक माणूस, एक बरणी. १९८४ मध्ये परीक्षानळीतल्या प्लेटलेटवर आल्याचा अर्क घालून तेच दिसलं. परीक्षानळीत अर्क थेट पेशीवर पडतो. पोटातून गेलेल्या आल्याचे घटक आतड्यात आणि यकृतात बरेचसे बदलून जातात. ही अडचण लगेच पुढे आली. १९९४ च्या एका प्रयोगात ८ निरोगी पुरुषांना २ ग्रॅम सुंठ एकदाच दिली, प्लेटलेटवर काही परिणाम आढळला नाही.

या प्रश्नावर सर्वांत उपयोगी काम भारतातलं आहे, आणि त्याचा उल्लेख मात्र सर्वांत कमी होतो. उदयपूरच्या चमूने १९९३ मध्ये २० निरोगी पुरुषांना रोज १०० ग्रॅम लोणी खाऊ घातलं. सोबत ५ ग्रॅम सुंठ दिलेल्यांच्या प्लेटलेटची चिकटण्याची प्रवृत्ती घटली. १९९७ मध्ये त्यांनी हृदयरोग्यांना रोज ४ ग्रॅम सुंठ तीन महिने दिली : परिणाम नाही. एकाच वेळी १० ग्रॅम दिली : परिणाम दिसला. म्हणजे प्रश्न मात्रेचा आहे. १० ग्रॅम सुंठ म्हणजे चहाचे पाच चमचे पूड, एका बैठकीत. गोकुळाष्टमीचा सुंठवडाही कोणी इतका खात नाही.

घरच्या चहाचा हिशेब याच्याशी ताडून पाहावा. चार कपांना इंचभर आलं ठेचलं तर ते ८-१० ग्रॅम भरतं. कपाला दोन-अडीच ग्रॅम ओलं, वाळल्या हिशेबाने अर्धा ग्रॅम. त्यातलंही बरंच चोथ्याबरोबर गाळणीत राहतं. ॲस्पिरिनवाल्याने हा चहा सोडण्यासाठी या अभ्यासांत काहीही आधार नाही. कॅप्सूलचं मात्र तसं नाही. पाकिटावर ५०० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, पण अर्क दहापट असेल तर ती ५ ग्रॅम सुंठ होते, आणि दिवसाला दोन घेतल्या की उदयपूरचा आकडा गाठला. ‘किती पट अर्क’ ही ओळ बारीक अक्षरात शोधावी लागते.

पहिल्या ठिकाणाबद्दल, म्हणजे वॉरफेरिन-असेनोकुमेरॉलबद्दल, पुरावा तुटपुंजा आहे आणि एकमेकांशी जुळत नाही. २००४ मध्ये जर्मनीतल्या ७६ वर्षांच्या बाईंची नोंद आली. याच कुळातली फेनप्रोकुमॉन ही गोळी चालू, आहारात आल्याचे तुकडे आणि पुडीचा चहा. घोळणा फुटला आणि आयएनआर १० पर्यंत गेला. आलं थांबवून के जीवनसत्त्व दिल्यावर तो खाली आला, त्यामुळे श्रेय नेमकं कोणाला द्यायचं ते सांगता येत नाही. पुढच्याच वर्षी सिडनीत १२ निरोगी पुरुषांना आठवडाभर आलं देऊन वॉरफेरिनचा एक डोस दिला. औषधाची रक्तातली पातळी बदलली नाही, आयएनआरही नाही. २००७ मध्ये कॅनडातल्या १७१ वॉरफेरिन घेणाऱ्यांनी १६ आठवडे रोजनिशी ठेवली; आलं घेणाऱ्यांनी रक्तस्राव जास्त नोंदवले. पण तो रक्तस्राव रुग्णांनी स्वतः नोंदवलेला होता.

तिन्ही एकत्र वाचले तर सिडनीचा प्रयोग सर्वांत शिस्तीचा वाटतो, पण तो तरुण, निरोगी आणि इतर कुठलीही गोळी नसलेल्या माणसांवरचा. पुण्यातला झडपवाला रुग्ण तसा नसतो. म्हणून त्याच्यासाठी व्यवहारातला नियम असा : आलं किती यापेक्षा ते रोज सारखं आहे का हे महत्त्वाचं. चहा रोजचा असेल तर त्यावरच गोळीची मात्रा बसलेली असते. हिवाळ्यात सुंठीचे लाडू सुरू केले, काढा धरला किंवा सोडला, तर पाच-सात दिवसांनी आयएनआर पाहावा. असेनोकुमेरॉल शरीरातून लवकर उतरतं, वॉरफेरिनसारखं दीड-दोन दिवस रेंगाळत नाही, त्यामुळे चुकलेली गोळीही आकड्यात पटकन दिसते. आकडा हलला की आधी चुकलेल्या गोळ्या, प्रतिजैविकं आणि के जीवनसत्त्व असलेल्या मेथी-पालकाच्या जुड्या मोजाव्यात; आलं त्यानंतर.

सर्वांत जास्त वाद मात्र ऑपरेशनपूर्व यादीवरून झाला आहे. ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी वनौषधी बंद करा, असा सल्ला अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांकडून १९९० च्या दशकाच्या शेवटी पसरला. दोन आठवडे हा आकडा सावधगिरीचा होता, मोजून काढलेला नव्हता. २००१ मध्ये एका मोठ्या आढावा लेखात आठ वनस्पतींचा एकेक करून विचार झाला आणि वेगवेगळ्या मुदती सुचवल्या गेल्या : लसूण ७ दिवस, गिंको ३६ तास. त्या आठांत आलं नव्हतंच. तरी आज छापील सूचनापत्रांत ते लसणाच्या शेजारी बसलेलं सापडतं. याचं एक कारण वर्णमालेत असावं. लसूण, आलं, गिंको, जिनसेंग ही चारही नावं इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होतात, आणि विद्यार्थी ती एका दमात पाठ करतात. आपल्याकडे त्या पत्रकाचं भाषांतर झालं तेव्हा ‘आले, लसूण बंद’ अशी ओळ आली, आणि घरच्यांनी रुग्णाच्या आमटीची फोडणीही बदलली. यादी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर डबीतल्या गोळ्या होत्या. वाचणाऱ्याच्या समोर मिक्सरमधली पेस्ट.

भूल देणारे डॉक्टर यावर म्हणतात, की मेंदूच्या किंवा पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेत दोन थेंब रक्तही महाग पडतं, तेव्हा सोडून द्यायला काय जातं? कॅप्सूल, अर्क आणि चमच्याने घ्यायची सुंठ यांच्याबाबत त्यांचं बरोबर आहे; ती आठ-दहा दिवस आधी थांबवावी. पण याच भूलशास्त्रात १९९० पासून ऑपरेशननंतरच्या मळमळीवर १ ग्रॅम सुंठ देऊन चाचण्या झाल्या, आणि सुंठ द्यायची ती ऑपरेशनच्या आधी! एकाच विषयाच्या दोन कपाटांत आलं एकदा औषध म्हणून ठेवलंय, एकदा धोका म्हणून.

२०२० मध्ये हा विषय घराघरांत शिरला. सरकारी पत्रकातल्या काढ्याचं प्रमाण तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, मिरी १ असं होतं. ३ ग्रॅम मिश्रण दीडशे मिलिलिटर पाण्यात, दिवसातून एक-दोनदा. यात सुंठ पाऊण ग्रॅमहून कमी बसते. भवानी पेठेतून सुंठ-मिरी किलोने आणून लोकांनी ज्या ताकदीचा काढा उकळला, त्याचा या पत्रकाशी संबंध नव्हता. छातीत, पोटात आग पडल्याच्या तक्रारी त्या काढ्याच्या. त्याच महिन्यांत कोविडच्या रुग्णांना गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिनची इंजेक्शनं दिली जात होती, आणि ‘काढा चालेल का’ हा प्रश्न तेव्हा प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर विचारला गेला.

त्या काढ्यात औषधांशी खरी गाठ घालणारी वस्तू सुंठ नसून मिरी आहे, आणि हे नेमकं कुणी सांगितलं नाही. मिरी आणि पिंपळीतलं पिपरीन आतड्यात आणि यकृतात औषधं मोडणारी विकरं थोपवतं. १९८७ मध्ये फेनिटॉइन (फिटचं औषध), १९९१ मध्ये प्रोप्रानोलोल (रक्तदाबाचं) आणि थिओफिलिन (दम्याचं) यांची माणसाच्या रक्तातली पातळी पिपरीनमुळे वाढल्याचं दाखवलं गेलं, तेही दिवसाला २० मिलिग्रॅमइतक्या मात्रेने. पुढे याचाच उपयोग करून भारतात क्षयरोगाची कॅप्सूल निघाली : रिफाम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम, सोबत १० मिलिग्रॅम पिपरीन. त्रिकटूत सुंठीच्या शेजारी मिरी-पिंपळी बसतात, हे फिटच्या गोळ्या घेणाऱ्याने चूर्णाची बाटली उघडण्याआधी लक्षात घ्यावं.

आता मोबाइलवर फिरणारं ‘ब्लॉकेज उघडणारं’ मिश्रण. लिंबू, आलं, लसूण यांचा रस आणि सफरचंदाचा व्हिनेगर प्रत्येकी एक कप, आटवून तीन कप, गार झाल्यावर तितकाच मध, रोज तीन चमचे. हिशेब केला तर तीन चहाच्या चमच्यांत आल्याचा रस जेमतेम अडीच मिलिलिटर येतो. यात रक्तवाहिनी उघडण्याचं काही नाही, आणि रक्तस्राव होण्याइतकंही नाही. मधुमेह्याला मात्र त्यातला मध भोवतो. जीवघेणी गोष्ट एवढीच, की ते घेणारा क्लोपिडोग्रेल बंद करतो.

साखरेबद्दल थोडक्यात. रोज दीड ते तीन ग्रॅम सुंठ दोन-तीन महिने घेतल्यावर उपाशीपोटीची साखर थोडी उतरल्याचं काही चाचण्यांत आलं आहे. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने कॅप्सूल सुरू केल्यास पहिले दोन आठवडे ग्लुकोमीटर हाताशी ठेवावा. मेटफॉर्मिन एकटीच असेल तर तेवढी धास्ती नको. सकाळच्या चहाने थायरॉइडची किंवा लोहाची गोळी लागू पडत नाही, त्यात दोष दूध-चहाचा आहे, आल्यावर ढकलू नये.

नव्या पिढीच्या गोळ्यांनी एक वेगळी अडचण आणली. ॲपिक्साबान, रिव्हारोक्साबान यांना आयएनआर लागत नाही म्हणून रुग्ण खूश असतात, पण त्यामुळे काढा, अर्क किंवा दुसऱ्या औषधाने काही बिघडलं तर ते दाखवणारा आकडाही उरला नाही. मग डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणाच राहतात : ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, न आपटता उठलेले काळेनिळे डाग, डांबरासारखी काळी शी. यातलं काही दिसलं तर डबी आणि चूर्णाची बाटली दोन्ही पिशवीत घालून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. गोळी मात्र आपल्या मनाने थांबवू नये.